बरणी, पगडी आणि हत्ती: जुन्या जाहिरात-कार्डांवरची ‘पूर्व’ कशी वाचायची

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात लीबिगच्या मांस-अर्काची बरणी घेतली की दुकानदार सोबत एक रंगीत कार्ड द्यायचा. साधारण सात सेंटिमीटर बाय अकरा. पुढे चित्र: कधी कैरोचा बाजार, कधी जपानी चहाघर, कधी झूल घातलेल्या हत्तीवरचा राजा. आणि बहुतेक वेळा त्याच चित्रात कुठेतरी ती बरणीही. सहसा सहा कार्डांचा एक संच असे, आणि संच पुरा व्हावा म्हणून मुलं आईला पुन्हा तीच बरणी आणायला लावत. ज्यांनी लहानपणी बिग फनच्या च्युइंगगममधली क्रिकेटची कार्डं जमवली, त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको.

अशा कार्डांवरच्या ‘पौर्वात्य’ चित्रांकडे पहिल्यांदाच वळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. कार्डं विकत घ्यायची असोत की नुसती पडद्यावर बघायची. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण आपल्याकडचा माणूस इथेच फसतो. भारताचं कार्ड समोर आलं की आपण त्यात आपल्याला शोधू लागतो. पागोटं कुठलं, लुगडं नेसलंय की साडी, देऊळ दाक्षिणात्य की हेमाडपंती. ही मेहनत बहुतेक वेळा वाया जाते. कार्डावर दिसते ती पॅरिस, कोलोन नाहीतर फिलाडेल्फियातल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यातली पूर्व. म्हणून कार्ड हातात आलं की आधी ते गिऱ्हाईक शोधायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: हातातली वस्तू नेमकी कोणती?

‘ट्रेड कार्ड’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यांची गल्लत झाली की किंमतही चुकते आणि अर्थही.

पहिली म्हणजे अमेरिकन दुकानांच्या गल्ल्यावर फुकट ठेवलेली कार्डं. बॉस्टनच्या लुई प्रँगसारख्या छपाईदारांनी ती १८७०च्या दशकात रुळवली, आणि १८७६च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर त्यांचा पूर आला. यातली कित्येक तयार मालाची असत. छपाईदार चित्र छापून ठेवी, मध्ये किंवा खाली कोरी जागा सोडी, आणि गावोगावचे दुकानदार गठ्ठा विकत घेऊन त्या जागेत आपलं नाव छापून घेत. एकच चित्र वाण्याकडेही सापडतं आणि दातांच्या डॉक्टरकडेही.

दुसरी वस्तू युरोपातली संचवार कार्डं. फ्रेंच संग्राहक त्यांना ‘क्रोमो’ म्हणतात. पॅरिसच्या ‘ओ बाँ मार्शे’ या दुकानाने ती मुलांना वाटायची प्रथा पाडली. गुरुवारी तिथे शाळेला सुट्टी असायची, तोच वाटपाचा दिवस. पुढे चॉकलेटवाले या धंद्यात उतरले: गेराँ-बुत्राँ, पुलँ, सुशार, कोलोनचे श्टोलवेर्क. पण सगळ्यांत लांब पल्ला मारला लीबिगने. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या कृतीवर उभी राहिलेली ही कंपनी १८६५ साली लंडनमध्ये नोंदली गेली. कारखाना होता उरुग्वेतल्या फ्राय बेंतोसला. १८७०च्या दशकात सुरू झालेली त्यांची कार्डं थेट १९७०च्या दशकापर्यंत निघत राहिली, अठराशेहून अधिक संच, अनेक भाषांत.

तिसरी वस्तू सिगारेटची कार्डं. ही लहान, जेमतेम सात सेंटिमीटर उंच. कागदी पाकीट मऊ असल्यामुळे आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून एक जाड कागद घालत. त्यावर चित्र छापलं की आधाराचा आधार आणि जाहिरातीची जाहिरात. व्हर्जिनियातल्या रिचमंडची ॲलन अँड गिंटर, ड्यूक, रॉचेस्टरची किंबल ही त्यातली मोठी नावं.

तिन्हींच्या मागे तंत्र एकच, रंगीत शिळाछाप. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीच्या शिळेवर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं, दर रंगाला वेगळी शिळा, आणि सहा-आठ-दहा शिळांचे ठसे एकाच कागदावर एकावर एक. गोदफ्रुआ एंगेलमान यांनी १८३७ साली फ्रान्समध्ये याचं पेटंट घेतलं. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला रविवर्मा प्रेस याच तंत्रावर चालत होता. शिळाछापाचा जाणकार म्हणून फ्रिट्झ श्लायखर जर्मनीहूनच आले होते. म्हणजे युरोपात कार्डांवर आपले राजे-महाराजे छापले जात असताना इथे त्याच पद्धतीने लक्ष्मी-सरस्वती छापल्या जात होत्या.

दुसरी पायरी: पाकीट खिशातच ठेवा, आधी फुकटचं बघा

शे-दोनशे कार्डं नजरेखालून गेल्याशिवाय एकही विकत घेऊ नका. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफरसन बर्डिक या संग्राहकाने दिलेली तीन लाखांहून अधिक कार्डं आणि कागद आहेत, आणि त्यातली भरपूर संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहता येतात. बर्डिकनेच अमेरिकन कार्डांची वर्गवारी केली. एकोणिसाव्या शतकातल्या तंबाखू-कार्डांच्या क्रमांकाआधी ‘एन’, विसाव्याच्या आधी ‘टी’. विक्रेते आजही हेच क्रमांक वापरतात, तेव्हा ते ओळखीचे करून घ्या. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी, बॉस्टन पब्लिक लायब्ररी, हार्वर्डचं बेकर ग्रंथालय आणि ऑक्सफर्डचा जॉन जॉन्सन संग्रह हीही चांगली ठिकाणं. लीबिगसाठी सांग्विनेत्ती या इटालियन सूचीचे क्रमांक चालतात. संचाच्या नावापेक्षा क्रमांकावर भरवसा ठेवा, कारण एकाच संचाचं फ्रेंच नाव वेगळं, जर्मन वेगळं.

शोधताना नुसतं ‘इंडिया’ टाकून थांबू नका. त्या काळचं ‘हिंदू’, ‘हिंदुस्थान’, ‘राजा’, ‘नॉच’ (म्हणजे नाच), ‘फकीर’ हेही इंग्रजीत टाकून पाहा. आणि एक सावधगिरी: अमेरिकन कार्डांवर ‘इंडियन’ म्हणजे बहुधा तिथले मूळ रहिवासी. नवख्यांचा पहिला तास यातच जातो.

तिसरी पायरी: भिंग

जवाहिरे वापरतात ते दहापट भिंग पुरेसं आहे. कार्डावर गालाचा किंवा आभाळाचा भाग धरा. खऱ्या शिळाछापात बारीक ठिपके दिसतात, पण ते हाताने दिलेले असतात: कुठे दाट, कुठे विरळ, आकार कमी-जास्त, रांग नाही. कडेला एखादा रंग केसभर सरकलेलाही दिसेल. ठिपके जाळीसारखे शिस्तीत बसले असतील तर ती हाफटोन किंवा त्यानंतरची छपाई. अशी वस्तू १८८०च्या दशकातली म्हणून कुणी विकत असेल तर हात जोडा. नुसते फवारल्यासारखे तुषार दिसले तर ते कालपरवाच्या प्रिंटरचं काम आहे.

नजर बसवायची असेल तर घरातच सराव होतो. आजोळी जुनं रविवर्म्याचं चित्र फ्रेममध्ये असेल तर त्यावर भिंग धरा, मग शेजारच्या दिनदर्शिकेवर धरा. एकदा फरक दिसला की पुन्हा सांगावा लागत नाही.

दुसरं हत्यार म्हणजे दुकानदार नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा दिवा. साधारण १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात, त्यामुळे तो कागद या दिव्याखाली निळसर झगझगतो. जुना कागद मंद राहतो. सोनेरी रंगही पाहा. त्या काळी सोनेरी छटेसाठी अनेकदा धातूची भुकटी वापरत. ती काळाने थोडी काळवंडते, तपकिरी पडते. नव्या नाण्यासारखं लखलखणारं सोनं संशयास्पद.

चौथी पायरी: चित्र वाचायचं

इथे घाई करू नका. बाकीच्या पायऱ्या कोणीही शिकवेल, ही स्वतःलाच घोटावी लागते.

माझ्याकडे एक अमेरिकन तयार कार्ड आहे, छपाईदाराचं नाव नसलेलं. डावीकडे एक बाई बसली आहे. अंगात किमोनोच्या बाह्यांचा झगा, डोक्यावर तुरा खोवलेला फेटा, पायांत टोकं वर वळलेल्या तुर्की सपाता. तिच्या डोक्यावर घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान, जी मोरोक्को-स्पेनकडची. मागे घुमट, त्यावर चंद्रकोर. घुमटाच्या आड अंबारीसकट हत्ती, आणि त्याचे कान सुपापेक्षाही मोठे, खांद्यावर पसरलेले. म्हणजे अंबारी भारताची, हत्ती आफ्रिकेचा. उजवीकडे ताडाचं झाड. आणि मधल्या कोऱ्या लंबगोलात, खिळ्यांच्या (म्हणजे शिशाच्या जुळवलेल्या अक्षरांच्या) काळ्या छपाईत, किंचित तिरकं बसलेलं पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावातल्या जोड्यांच्या दुकानाचं नाव. मागून बोट फिरवलं तर खिळ्यांचा दाब अजून लागतो.

यातला प्रत्येक तुकडा कुठून तरी उचललेला आहे. चित्रकार या देशांत गेलेला असण्याची गरजच नव्हती. त्याच्यासमोर सचित्र साप्ताहिकं होती, १८६०पासून पॅरिसमध्ये निघणारं ‘ल तूर द्यु मोंद’सारखं प्रवासाचं नियतकालिक होतं, सर्कशीची भित्तिपत्रकं होती. त्या हत्तीच्या कानांबद्दल माझा आपला एक अंदाज: १८८२ साली अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातून जंबो हा आफ्रिकन हत्ती विकत घेऊन अमेरिकेत नेला आणि देशभर त्याचं वेड लागलं, विलिमँटिकसारख्या दोऱ्याच्या कंपन्यांनी त्याच्यावर कार्डं काढली. त्यानंतर अमेरिकन चित्रकाराच्या डोळ्यांपुढे हत्ती म्हणजे जंबोच उभा राहत असावा.

असं कार्ड समोर आलं की मी स्वतःला चार गोष्टी विचारतो.

माल कुठे आहे? बरणी, पुडा, रिळ चित्रात असेल तर ते कुणाच्या हातात आहे ते पाहा. नोकराच्या डोक्यावर आहे, राजापुढे नजराणा म्हणून मांडलंय, की गालिच्यावर नुसतं ठेवलंय? तयार मालाच्या कार्डात माल नसतोच, तिथे चित्राचा आणि दुकानाचा काडीचा संबंध नसतो. तिथे ‘पूर्व’ म्हणजे निव्वळ शोभा. जोड्यांच्या दुकानाला हत्ती का, हा प्रश्न दुकानदाराला पडलाच नसणार.

काम कोण करतंय? या चित्रांतली पूर्वेची माणसं बसलेली, लवंडलेली, हुक्का ओढणारी, पुंगी वाजवणारी असतात. नाहीतर ओझं वाहणारी. कारखाना, छापखाना, आगगाडी क्वचितच दिसते. वास्तविक याच दशकांत मुंबईत कापडगिरण्यांची धुराडी उभी राहत होती आणि बोरीबंदरहून गाडी १८५३पासून धावत होती. चित्रात काय आहे याइतकंच काय गाळलंय ते पाहायला शिका. त्यासाठी त्या काळचा खरा इतिहास थोडा हाताशी लागतो.

नाव काय दिलंय? किंबलने १८८०च्या दशकाच्या अखेरीस एक संच काढला, बर्डिकच्या सूचीत एन-१८९. त्याच्या इंग्रजी नावाचा सरळ अर्थ ‘रानटी आणि अर्धरानटी सरदार व राज्यकर्ते’. चित्रं मोठी देखणी आहेत. रंग भरघोस, चेहरे रुबाबदार. पण नावाने निवाडा आधीच देऊन टाकलाय. कार्ड सुंदर आहे आणि अपमानकारकही आहे, हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं. नवख्या माणसाला यातलं एकच काहीतरी निवडावंसं वाटतं, आणि तिथे वाचन थांबतं.

आणि हे कुणासाठी काढलंय? लीबिगची बरणी म्हणजे गोमांसाचा अर्क. किलोभर अर्काला तीस-एक किलो मांस लागे. भारतावरच्या संचांतही कंपनीचं नाव अर्थातच छापलेलं असतं. देवळाचं चित्र आणि त्याच कार्डावर गोमांसाच्या अर्काचं नाव! यात मुद्दाम केलेला खोडसाळपणा शोधू नका. छापणाऱ्याच्या मनात हिंदू गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून खटकलं नाही. अपमान करायलासुद्धा समोरचा माणूस ध्यानीमनी असावा लागतो.

सगळीच कार्डं इतकी निरागस नाहीत, हेही लक्षात ठेवा. अमेरिकेने १८८२ साली चिनी मजुरांना देशबंदीचा कायदा केला. त्या सुमाराची धुलाईयंत्रांची, साबणाची, सेल्युलॉइडच्या कॉलरांची कार्डं पाहा: चिनी धोबी पळतोय, हाकलला जातोय, आणि माल विकत घेणाऱ्याला सांगितलं जातंय की आता याची गरज उरली नाही. लांब वेणी, तिरके डोळे, हास्यास्पद कपडे. इथे ‘पूर्व’ दूरची शोभा नाही. ती शेजारच्या गल्लीत दुकान चालवणारी माणसं आहेत, आणि कार्ड एका राजकीय मोहिमेला हातभार लावतंय. जपानी बाईचं पंखेवालं गोंडस चित्र आणि हे चित्र एकाच वहीत शेजारी चिकटवलेली सापडतात. मूल दोन्ही सारख्याच हौसेने जमवत होतं.

उलट बाजूचं उदाहरण म्हणजे सिंगर शिलाई-यंत्राचा १८९२चा संच, १८९३च्या शिकागो प्रदर्शनाच्या निमित्ताने काढलेला. देशोदेशीची माणसं आपापल्या पोशाखात, मध्ये यंत्र, मागे त्या देशाची माहिती. माणसं फोटोला बसल्यासारखी ताठ. इथे पूर्वेचा माणूस लवंडलेला नाही, यंत्रापाशी आहे. पण सांगायचंय ते कंपनीबद्दल: आमचं यंत्र पोचलं नाही असा मुलूख नाही. आणि ते अगदीच खोटं नव्हतं. सिंगरचा भारतातला पसारा अनेक वर्षं मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी मेरवानजी पटेल सांभाळत होते. कार्डावर मात्र देश दिसतो, पोशाख दिसतो. असा एजंट, त्याचा हिशेब, त्याचे वसुलीवाले दिसत नाहीत. माझ्या मते या संचातली खरी गंमत या न दिसणाऱ्या माणसांत आहे.

पाचवी पायरी: उलटून पाहा

मागची बाजू न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नका. मालाचा दावा, दुकानाचा पत्ता, छपाईदाराचं नाव, संचातला क्रमांक आणि पुढच्या चित्राचं वर्णन हे सगळं तिथे असतं. पुढच्या चित्रात दिसणारा साप-गारुडी मागच्या मजकुरात ‘भारतीयांचं नेहमीचं जीवन’ होऊन बसतो. चित्र काय म्हणतंय आणि मजकूर काय म्हणतोय यांची सांगड घालून पाहणं हा अर्धा अभ्यास. लीबिगचं एकच कार्ड दोन भाषांत मिळालं तर मथळे शेजारी ठेवा. फ्रेंच, जर्मन आणि इटालियन वाचकांना एकच गोष्ट नेहमी एकाच सुरात सांगितलेली नसते.

पाठीवर गोंदाचे डाग, सोललेला कागद हे वहीतून काढल्याची खूण. किंमत यामुळे उतरते, पण मला असं कार्ड वाईट वाटत नाही: ते खरोखर कुणा मुलाच्या वहीत होतं. अख्खी वही मिळाली तर ती फोडू नका. कार्डं कोणत्या क्रमाने लावली, कशाशेजारी काय चिकटवलं, ही माहिती एकेक कार्ड सुटं केलं की कायमची जाते. विक्रेते वह्या फोडतात, कारण सुटी कार्डं विकून जास्त पैसे येतात. आपण त्यात भर घालू नये.

सहावी पायरी: काळ ठरवणं

क्वचित कार्डावर सालच छापलेलं असतं. अरबकल कॉफीच्या ‘सर्व राष्ट्रांचे खेळ आणि करमणुकी’ या पन्नास कार्डांच्या संचावर १८९३ची स्वामित्वाची नोंद आहे. नसेल तर खुणा जोडाव्या लागतात. कंपनीचं नाव आणि पत्ता कधी बदलला? प्रदर्शनाची पदकं छापली असतील तर सर्वांत शेवटचं साल पाहा, कार्ड त्यानंतरचं. ‘जर्मनीत तयार’ किंवा ‘जर्मनीत छापलेलं’ असं इंग्रजीत असेल तर बहुधा ब्रिटनच्या १८८७च्या किंवा अमेरिकेच्या १८९०च्या कायद्यानंतरचं, कारण आयात मालावर देशाचं नाव घालणं त्यांनी भाग पाडलं. बाँ मार्शेच्या कार्डांवर तेस्त्यु ए मासँ, शाँपन्वा, मिनो अशी छपाईदारांची नावं बारीक अक्षरांत असतात. त्यावरूनही काळ पकडता येतो.

विषयांच्याही लाटा होत्या. १८६९ला सुएझ कालवा उघडला, इजिप्त वाढलं. १८७५च्या नोव्हेंबरात ब्रिटनचा युवराज मुंबईला उतरला, १८७७ला राणी ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ झाली, आणि हत्ती-अंबाऱ्यांची चलती झाली. १८८५ला लंडनमध्ये जपानात घडणारी ‘मिकाडो’ ही संगीतिका रंगमंचावर आली. त्यानंतर दोऱ्यापासून कॉर्सेटपर्यंत सगळ्यांवर तीन जपानी मुली. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली होती, गाढववाल्यांसकट. लाट सापडली तरी तेवढ्यावर साल ठोकू नका, कारण तयार मालाची कार्डं गोदामात वर्षानुवर्षं पडून राहून खपत.

सातवी पायरी: खरेदी

एक धागा पकडा. ‘पूर्वेवरची सगळी कार्डं’ हा धागा नव्हे, ती नुसती हाव. एकच कंपनी, किंवा एकच विषय: गारुडी, चहा, हत्ती, शिलाई-यंत्र. लीबिगचे भारतावरचे संच हा सुरुवातीला चांगला पर्याय, कारण सूची तयार आहे, नकलांची भीती कमी, आणि साधे संच परवडतात. फक्त साल तपासा. लीबिगची कार्डं शंभर वर्षं निघत होती, तेव्हा १९५०च्या संचाला ‘व्हिक्टोरियन’ म्हणून पैसे मोजू नका.

मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात ही कार्डं सहसा सापडत नाहीत. सापडतात ती त्यांची भावंडं: मँचेस्टरहून येणाऱ्या कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं, परदेशी काडेपेट्यांचे छाप, रविवर्म्याच्या चित्रांच्या जाहिराती. खरं सांगायचं तर अभ्यासाला ती जास्त रंजक आहेत, कारण तिथे गिऱ्हाईक आपणच होतो आणि चित्र आपल्याला पटावं लागत होतं. कार्डासाठी मात्र ईबे किंवा डेलकाँपसारखी ऑनलाइन ठिकाणंच. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून हिशेब करा. पाच सुटी कार्डं पाच वेळा मागवण्यापेक्षा एका विक्रेत्याकडून एकत्र बरी. कोपरे, कातरलेल्या कडा, घड्या, मागची बाजू, यांचे स्पष्ट फोटो मागा. कडा कातरलेल्या आहेत का हे मापावरून कळतं, म्हणून मिलिमीटरमध्ये माप विचारा.

आणखी एक. आपल्याकडे १९७२चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर त्याने निर्बंध घातले आहेत. मागवलेलं कार्ड पुढे परदेशात विकायचा विचार असेल तर आयातीची कागदपत्रं जपून ठेवा आणि आधी पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा.

आठवी पायरी: आपल्या हवेत टिकवणं

परदेशी मार्गदर्शकं सांगतात कोरड्या खोलीत ठेवा. त्यांनी जुलैतली मुंबई पाहिलेली नाही. स्वस्त अल्बमचे पीव्हीसीचे कप्पे टाळा, ते कालांतराने चिकट होतात आणि शाई ओढतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची पाकिटं घ्या. पाकिटं पुठ्ठ्याच्या आम्लरहित डब्यात उभी, फार कोंबून नाहीत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, ती भिंत पावसाळ्यात ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या किंवा कडुलिंबाचा पाला कार्डांच्या डब्यात नको. पाल्याचे डाग पडतात. कसर लागलीय का हे दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून पाहणं हा खरा उपाय.

लॅमिनेशन कधीही नाही. सेलोटेप नाही. डाग काढायला पाणी नाही, रबर नाही. काही लिहायचं तर पाकिटावर.

नववी पायरी: नोंद

दर कार्डाला एक ओळ नको, अर्धं पान द्या. माप, छपाईदार, कंपनी, भाषा, सूची-क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो. मग दोन वेगळे रकाने ठेवा. एकात कार्डावरचं मूळ नाव जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, कितीही अपमानकारक असलं तरी. ते गाळलं तर पुढच्या माणसाला शोधता येणार नाही. दुसऱ्यात तुमचं स्वतःचं वर्णन, साध्या भाषेत: ‘फेटा बांधलेला पुरुष, हातात पुंगी, समोर टोपली, मागे घुमट’. ‘भारतीय गारुडी’ असं लगेच लिहू नका. घुमट कुठला, फेटा कुठला हे ठरलंय का? शंका असेल तर प्रश्नचिन्ह टाका.

व्हॉट्सॲपवर किंवा समाजमाध्यमांवर टाकताना दोन्ही बाजू एकत्र टाका, आणि कंपनी व अंदाजे काळ त्याच ओळीत लिहा. नुसती पुढची बाजू टाकली की दोन दिवसांत ती ‘आपल्या पूर्वजांचा दुर्मीळ फोटो’ म्हणून तुमच्याकडेच परत येते.